होतं की नव्हतं, तेवढं सांगा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न कित्येक वर्षं माझ्या मागे आहे आणि तो नेहमी एकाच थाटात येतो. "मॅडम, तुम्ही रसायनशास्त्राच्या. आपल्याकडे पूर्वी रसायनशास्त्र होतं की नव्हतं? होतं की नव्हतं, तेवढं सांगा." लग्नाच्या पंगतीत येतो, सोसायटीच्या जिन्यात येतो, जुन्या विद्यार्थ्यांच्या फोनवर येतो. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. माझ्या व्याह्यांना 'होतं' ऐकायचं असतं. अमेरिकेतला भाचा "मावशी, खरं सांग" म्हणतो तेव्हा त्याला 'नव्हतं' ऐकायचं असतं. मी "जरा थांबा, सांगते" म्हटलं की दोघंही नाराज. व्याही म्हणतात, तुमचं सगळं शिक्षण इंग्रजी पुस्तकांतलं. भाचा म्हणतो, तूही त्यांच्यातलीच झालीस.

तर आज एकदाच नीट सांगते. पाऱ्यावर उडणारी विमानं आणि पोथीतले अणुबॉम्ब यांच्याबद्दल मी बोलणार नाही. त्याबद्दलचं माझं मत तुम्हाला माहीत आहे. मी एकाच धातूबद्दल बोलणार आहे. जस्ताबद्दल. कारण या वादात मला दोन्ही बाजूंनी बोलणी बसली ती जस्तामुळेच.

तांबं, शिसं, लोखंड यांचं खनिज कोळशाबरोबर भट्टीत घातलं की धातू भट्टीतच गोळा होतो. जस्त तसं हाती लागत नाही. खनिजातून ते सुटं व्हायला हजार अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते आणि ते उकळतं ९०७ अंशांना. म्हणजे धातू जन्माला येतो तोच वाफ होऊन. त्या वाफेला भट्टीतली हवा भेटली की ती जळते आणि पुन्हा पांढरी राख होते. हाती काहीच नाही. म्हणून जगात हजारो वर्षं लोकांनी जस्त डोळ्यांनी न पाहता पितळ केलं: तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत, म्हणजे धातू तापवायच्या मातीच्या भांड्यात, तापवायचे, वाफ तांब्यातच मुरते. त्या रीतीनं पितळात जस्त साधारण ३० टक्क्यांच्या पुढे जात नाही. सुटं जस्त हवं असेल तर वाफेला हवेपासून लपवून गार करावं लागतं, आणि तेही भट्टीच्या अगदी जवळ.

उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर झावर आहे. तिथे हे मोठ्या प्रमाणावर चालत होतं. निदान बाराव्या-तेराव्या शतकापासून. १९८३ मध्ये ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं महाराज सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून तिथे उत्खनन केलं, तेव्हा मुशी जागच्या जागी असलेल्या भट्ट्या सापडल्या. एका भट्टीत ३६ मुशी. अशा सात भट्ट्या एका ओळीत. मूस मातीची, लांबट वांग्याच्या आकाराची, तोंडाला मातीचीच नळी लिंपलेली. भरलेली मूस उलटी करून, नळी खाली येईल अशी भोकांच्या जाड तव्यावर बसवायची. तव्याच्या वर आग, तव्याच्या खाली थंड कोठी. डोक्याशी जाळ आणि पायाशी गारवा. वाफेला वर जायला जागाच नाही. ती खाली उतरते, नळीत गार होते आणि खालच्या भांड्यात थेंबाथेंबानं पडते.

यातली एक गोष्ट मी जिथे बोलते तिथे सांगते, कारण मला ती अजूनही थक्क करते. मूस भरताना मालाच्या मधोमध एक काडी उभी करत. मूस उलटी केल्यावर आतला माल नळीतून ओघळू नये म्हणून तिचा आधार. आणि भट्टी पेटली की तीच काडी जळून जाई आणि वाफेला बाहेर पडायला नेमकी वाट मोकळी होई. गरज असेपर्यंत आधार, गरज संपली की वाट. ही युक्ती ज्याला सुचली त्याचं नाव कुठे नाही.

मी झावरला गेले आहे. तिथे वापरून झालेल्या मुशींचे ढीग आहेत, टेकड्याच म्हणा. गावातल्या काही जुन्या भिंतीही विटांऐवजी मुशींच्या रचलेल्या आहेत, गोल बूड बाहेर काढून. एक मूस हातात घेतली तर आधी वजनाचं आश्चर्य वाटतं. बाहेरून ती काचेसारखी चकचकीत झालेली असते, कारण त्या उष्णतेला मातीच वितळायला लागली होती. अकराशे-बाराशे अंश. तापमापक नाही, तरी उष्णता एवढी चढवायची आणि याच्या पुढे जाऊ द्यायची नाही. पुढे गेली की मूस बसलीच.

आता ग्रंथ. 'रसरत्नसमुच्चय' साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातला, वाग्भटाच्या नावावरचा. पुण्याच्या आनंदाश्रमानं तो छापला, म्हणून आमच्या पिढीला सहज मिळाला. त्यात रसक म्हणजे जस्ताच्या खनिजातून सत्त्व, म्हणजे धातू, काढण्याची कृती आहे. खनिजाबरोबर हळद, त्रिफळा, राळ, सैंधव, काजळी, टाकणखार, बिब्बा, आंबट रस असं सगळं खलायचं आणि वांग्यासारख्या मुशीत भरायचं. भाचा हे वाचून म्हणाला, "मावशी, ही तर मसाल्याची यादी!" मी त्याला म्हटलं, हळद, त्रिफळा आणि राळ तापवल्यावर काय उरतं ते तू रसायनाचा विद्यार्थी म्हणून सांग. कोळसा उरतो. काजळी हा कोळसाच. टाकणखार आणि मीठ मळी वितळवायला मदत करतात. त्या यादीत अनावश्यक जिन्नस असतील, पण आवश्यक असलेलं एकही सुटलेलं नाही.

आणि पुढचं वाक्य तर मी वर्गात मुलांना उभं राहून वाचून दाखवायची. ज्वाला निळी असते, ती पांढरी झाली की मूस सांडशीनं उचलायची, तोंड खाली करायचं, नळी मोडू द्यायची नाही, आणि कथलासारखं चमकणारं सत्त्व जमिनीवर ओतून घ्यायचं. निळी ज्वाला का? मुशीच्या तोंडाशी कार्बन मोनॉक्साईड जळतोय. पांढरी का झाली? आता जस्ताची वाफ यायला लागली आणि ती जळतेय. म्हणजे लिहिणाऱ्यानं भट्टीशेजारी बसून क्रियेचा नेमका क्षण ओळखला होता. त्याला कार्बन मोनॉक्साईड माहीत नव्हता. क्षण माहीत होता.

मी एका म्हाताऱ्या ओतारी काकांना हे वाचून दाखवलं होतं. आयुष्यभर पितळेच्या घंटा आणि समया ओतलेला माणूस. त्यांनी ग्रंथाचं नावही विचारलं नाही. म्हणाले, "बाई, हे लिहिणाऱ्यानं स्वतः फुंकलेलं दिसतंय. आम्ही पण जाळ बघूनच सांगतो. पांढरा धूर सुटला की जस्त चाललं; तेव्हा ते तांब्याच्या खाली दाबून धरायचं, वर तरंगू द्यायचं नाही." संध्याकाळी येणारा तापही त्यांना ठाऊक होता. ती पांढरी राख छातीत गेली की रात्री हुडहुडी भरते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला नाव आहे, पण ते त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं.

"मग होतंच की!" व्याही इथे टाळी देतात. थांबा.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी वर्गात ठाम सांगत असे की ही कारागिरी होती, रसायनशास्त्र नव्हे. जिथे तराजू नाही तिथे रसायनशास्त्र नाही, हे माझं आवडतं वाक्य. अठराव्या शतकातल्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं बंद भांड्यात धातू तापवला, आधी तोलला, नंतर तोलला, आणि त्या फरकातून शास्त्र जन्मलं. त्याच्या आधीचं सगळं चाचपडणं. मुलं ते वहीत लिहून घेत आणि परीक्षेत परत लिहीत.

आज त्या तरुण बाईशी माझं पटत नाही. तराजू टांकसाळीतल्या पारखी लोकांकडे शतकानुशतकं होताच. 'आईन-ए-अकबरी'त सोन्या-चांदीचा कस लावायच्या रीती सविस्तर आहेत. तराजूनं शास्त्र होत असतं तर टांकसाळींतच झालं असतं. आणि खुद्द लाव्हाझिएच्या १७८९ च्या ग्रंथात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे, तिच्यात प्रकाश आहे, उष्णता आहे. त्याच्या शंभर वर्षं आधी न्यूटन रात्र-रात्र किमयेच्या भट्टीपाशी बसत होता, पानंच्या पानं लिहीत होता. रॉबर्ट बॉईलनं १६६१ मध्ये जुन्या चार तत्त्वांची झाडाझडती घेतली, पण एका धातूचा दुसरा धातू होऊ शकतो यावरचा त्याचा विश्वास गेला नाही. ज्यांना भाचा 'खरे शास्त्रज्ञ' म्हणतो त्यांचे हात पाऱ्यानं असेच माखलेले होते. मग त्यांना एक माप आणि झावरच्या माणसाला दुसरं का?

पण ही तरुण बाईसुद्धा मला गप्प बसू देत नाही. ती विचारते, बरं, तराजू राहू दे. झावरच्या भट्टीत जे कळलं ते पुढे कुठे गेलं? हवा आत गेली की जस्त राख होतं, हे रोज दिसणाऱ्या माणसानं 'हवेत असं काय आहे?' हा प्रश्न का विचारला नाही? की विचारला आणि तो आपल्यापर्यंत पोचला नाही? यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि याच प्रश्नापाशी एकदा मी भर सभेत अडकले. ते सांगितल्याशिवाय माझं आजचं बोलणं तुम्हाला कळायचं नाही.

एका तालुक्याच्या गावात जुनी व्याख्यानमाला आहे. गावाचं नाव सांगत नाही. विषय मीच दिला होता, 'जस्ताची गोष्ट'. कुंभाराकडून मापात करून घेतलेली एक मूस सोबत नेली होती. शाळेच्या पटांगणावर मांडव, पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं. मी मूस मुलांच्या हातात दिली, काडीची युक्ती सांगितली, निळ्या आणि पांढऱ्या ज्वालेचं सांगितलं. इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं १७३८ मध्ये जस्त काढायच्या रीतीचं पेटंट घेतलं आणि त्याच्याही भट्टीत वाफ वरून खालीच आणलेली होती, हे सांगितलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मी लगेच म्हटलं की त्यानं इथूनच उचललं याला पुरावा नाही. ते वाक्य टाळ्यांत बुडालं. मी ते पुन्हा म्हटलं.

मग प्रश्न सुरू झाले. दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले. मनापासून भारावले होते. म्हणाले, "मॅडम, एवढं सगळं होतं, मग गेलं कुठे? इंग्रजांनीच मोडलं ना?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मीही प्रामाणिक उत्तर दिलं. नाही, म्हटलं. मेवाडनं कंपनीशी तह केला १८१८ मध्ये. झावरच्या भट्ट्या त्याच्या आधीच विझल्या होत्या. मेवाडातल्या सरदारांची आपसातली भांडणं होती, बाजारात चीनचंही जस्त होतं. पण अभ्यासक जी दोन मोठी कारणं देतात ती म्हणजे मेवाडवरच्या मराठ्यांच्या स्वाऱ्या आणि त्यापाठोपाठ १८१२-१३ चा दुष्काळ. १७३६ मध्ये पहिले बाजीराव उदयपूरला गेले आणि राण्यानं सालाची रक्कम कबूल केली. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला. नंतर होळकरांच्या फौजा, पेंढारी. गावं ओस पडली. ज्या भट्टीला रोज लाकूड, रोज माती, रोज खाणीतून माल आणि शेकडो माणसं लागतात ती अशा मुलखात चालत नाही.

मांडव शांत झाला. मग मागून आवाज आला, "पुरावा काय?" हा विचारायलाच हवा असा प्रश्न होता. मी जेम्स टॉडचं नाव घेतलं, १८१८ मध्ये उदयपूरला आलेला कंपनीचा अधिकारी, ज्यानं मेवाडची दैना लिहून ठेवली. "तो इंग्रज! तो मराठ्यांबद्दल वाईटच लिहिणार!" हेही काही खोटं नव्हतं. टॉडला राजपुतांचं प्रेम होतं आणि मराठ्यांचा राग होता, हे त्याचं कुठलंही पान उघडलं तरी दिसतं. मी तेच म्हणत होते, की म्हणून एकट्या टॉडवर थांबायचं नाही, खंडणीचे हिशेब आपल्याच दप्तरांत आहेत. पण तोवर कुणीतरी शिवाजी महाराजांचं नाव घेतलं. मी म्हटलं, महाराज १६८० मध्ये गेले, ही गोष्ट त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, त्यांचा इथे काही संबंध नाही. ते कुणी ऐकलं नाही. पुढच्या रांगेतला, मघाशी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा माणूस उभा राहून म्हणाला, "आमच्याच मांडवात उभं राहून आमच्याच पूर्वजांना लुटारू म्हणता?"

लुटारू हा शब्द मी उच्चारला नव्हता.

कार्यवाहांनी ध्वनिक्षेपकावर हात ठेवला. "मॅडम, वेळ संपली." संपली नव्हती. आभाराच्या भाषणात त्यांनी मंडळ वक्त्यांच्या मतांशी सहमत नाही असं सांगितलं आणि कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर माझ्या वतीनं दिलगिरी व्यक्त केली. मी व्यासपीठावर बसले होते. मला विचारलं नव्हतं. मुलांच्या हातातली मूस फिरत फिरत कुठे गेली ते कळलं नाही, आणि मागायला जायची इच्छा राहिली नव्हती.

हे सगळं मी पचवलं असतं. अशा सभा होतात. पण एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला गावातले एक निवृत्त इतिहासाचे शिक्षक आले होते. वाटेत बराच वेळ बोलले नाहीत. स्टँडजवळ आल्यावर म्हणाले, "ताई, तुम्ही बोललात ते सगळं खरं आहे. मीही तेच शिकवलंय, बी.ए.च्या पुस्तकांत आहे. पण ते इथे बोलायची काय गरज होती?"

तो शिव्यांपेक्षा जड प्रश्न होता. कारण मांडवातल्या लोकांना माहीत नव्हतं, यांना माहीत होतं. त्यानंतर कितीतरी जणांनी मला तेच विचारलंय, घरच्यांनीसुद्धा. गरज काय होती? अर्धं सांगून टाळ्या घेऊन घरी यायचं.

गरज ही होती की मला प्रश्न विचारला होता. आणि गरज ही होती की त्या संध्याकाळच्या टाळ्या मी कुणाच्या तरी वतीनं घेत होते. झावरचा ओतारी, खाणकरी, कुंभार, लाकूडतोड्या, यांतला एकही तिथे नव्हता, त्यांची नावंसुद्धा नव्हती. श्रेय घ्यायचं तेव्हा मेवाड आपला, आणि खंडणीची गोष्ट निघाली की मेवाड परका, हे मला जमत नाही. तुम्हाला त्या काडीचा अभिमान वाटत असेल तर ती काडी लावणारा माणूस कसा देशोधडीला लागला हेही ऐकावं लागेल. नसेल ऐकायचं तर काडीचं श्रेय त्याच्यापाशीच राहू द्या.

सभेचं कळल्यावर भाच्याचा फोन आला. "बघ मावशी, मी सांगत होतो, या लोकांना शास्त्राशी काही देणंघेणं नाही." त्याच्यावरही मी चिडले. त्या लोकांनी काडीची गोष्ट ऐकताना श्वास रोखून धरला होता, हे त्यानं पाहिलं नव्हतं. ज्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला ते शेवटपर्यंत खाली मान घालून बसले होते, ओरडणाऱ्यांत नव्हते. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या प्रश्नात एक खरी तळमळ होती: एवढं होतं, मग गेलं कुठे? माझ्या उत्तरानं भट्ट्या का विझल्या ते कळतं. पण भट्ट्या सहाशे वर्षं पेटत्या असताना त्यांतून रसायनशास्त्र का उभं राहिलं नाही, ते कळत नाही. ते मराठ्यांच्या माथी मारता येणार नाही.

या प्रश्नावर आपल्याकडे सगळ्यात धीटपणे कुणी लिहिलं असेल तर प्रफुल्लचंद्र राय यांनी. एडिंबरोहून डॉक्टरेट घेऊन आलेला, कलकत्त्यात प्रयोगशाळेत स्वतः राबणारा, देशी औषधांचा कारखाना काढणारा हा माणूस. त्यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ मध्ये आणि दुसरा १९०९ मध्ये काढला. जुन्या पोथ्या त्यांनी मिळवल्या, लावल्या, युरोपला दाखवल्या. व्याही त्यांचं नाव फार आदरानं घेतात. पण त्याच ग्रंथात राय यांनी स्पष्ट लिहिलंय की जातिव्यवस्थेनं हात आणि डोकं वेगळं केलं. कलाकुसर खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलली, विचार करणारे भट्टीपासून दूर गेले, आणि 'कसं' व 'का' यांची गाठ सुटली. म्हणून या जमिनीत बॉईल किंवा न्यूटन निपजला नाही. ते पान मी व्याह्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्यांच्या काळात तसं म्हणायची पद्धत होती." नव्हती. १९०२ मध्ये तसं म्हणायला छाती लागत होती.

राय यांचं मला बरंचसं पटतं. 'रसरत्नसमुच्चय'मध्ये एका मुशीची कृती आहे. ३६ मुशींची भट्टी माझ्या वाचनात तरी कुठल्याच ग्रंथात आलेली नाही. लिहिणारा एका मुशीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. जर्मन मुलखात आग्रिकोला नावाचा वैद्य खाणींच्या गावात राहिला आणि १५५६ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला, त्यात पंप, भट्ट्या, चाळण्या सगळ्याची चित्रं आहेत. आमच्याकडच्या कुठल्या पंडितानं झावरचं चित्र काढलं?

पटतं, आणि तरी अडतं. 'रसेंद्रचिंतामणी' या अशाच जुन्या रसग्रंथाचा कर्ता म्हणतो की मी खूप ऐकलं, ग्रंथांत खूप पाहिलं, पण स्वतः करून पाहिलेलं नाही ते मी लिहीत नाही. जे करून दाखवू शकतात तेच गुरू, बाकीचे नट. याच्याहून स्पष्ट काय बोलायचं? हा माणूस हात आणि डोकं एकत्र ठेवूनच बोलतोय. आणि चीनकडे पाहा. तिथे १६३७ मध्ये सुंग यिंगशिंग या शिकलेल्या माणसानं जस्त काढायची रीत चित्रांसकट लिहून ठेवली. लिहिणारा भट्टीपर्यंत पोचला. तरी रसायनशास्त्र तिथेही उभं राहिलं नाही. म्हणजे हात आणि लेखणी जवळ आली की काम झालं, एवढं सोपं ते नाही.

कधी कधी मला वाटतं, कमी पडलं ते भांडण. १७७४ च्या ऑक्टोबरात इंग्रज रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टली पॅरिसला गेला आणि जेवताना लाव्हाझिएला त्यानं आपल्या नव्या वायूबद्दल, म्हणजे आपण आज ऑक्सिजन म्हणतो त्याबद्दल, सांगितलं. तिकडे स्वीडनमध्ये शीले नावाच्या औषधविक्यानं तोच वायू स्वतंत्रपणे काढलेला होता. लाव्हाझिएनं त्याचाच आधार घेऊन प्रीस्टलीची जळण्याबद्दलची सगळी उपपत्ती मोडीत काढली. प्रीस्टलीला ते शेवटपर्यंत पटलं नाही; १८०४ मध्ये मरेपर्यंत तो जुन्याच मताला धरून होता. पण सगळं छापलेलं होतं, कुणीही भट्टी पेटवून कोण खोटं ते पाहू शकत होता. आमच्याकडे मोठ्या नावाचं खोडून काढण्यापेक्षा त्याच्या श्लोकांत आपले श्लोक मिसळायची रीत. 'रसरत्नसमुच्चय' हाही बराचसा आधीच्या ग्रंथांचा संग्रहच आहे.

आणि हे लिहून होईपर्यंत मला झावरच्या ढिगातल्या मुशी आठवतात. त्या सगळ्या एका मापाच्या नाहीत. लहान आहेत, मोठ्या आहेत. कुणीतरी कुणाला तरी म्हटलं असणार, ही नको, ही फुटते, एवढी लांब कर. कुणी नाही म्हटलं असणार. तेही भांडणच, आणि त्याचा निकालही भट्टीनंच लावला असणार. ते छापलं गेलं नाही म्हणून ते शास्त्र नव्हतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते शास्त्रच होतं असं म्हणायलाही रेटत नाही, कारण त्यातला एक शब्दसुद्धा मला ऐकू येत नाही. तुम्हाला 'होतं' किंवा 'नव्हतं' हवं आहे आणि मी इथे अडकलेली आहे. उद्या कदाचित मत बदलेल; आजवर दोनदा बदललंय.

त्या व्याख्यानमालेचं पुन्हा बोलावणं आलं नाही. मध्यंतरी दुसऱ्या एका गावाहून पत्र आलं. विषय हाच हवा आहे, फक्त शेवटचा मराठ्यांचा भाग नको, असं त्यांनी फार नम्रपणे कळवलंय. मी उलट कळवलं आहे की तो भाग असेल, राय यांचाही असेल, आणि प्रश्नांसाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा. मूस मी नवी करून घेतली आहे. त्यांचं उत्तर यायचं आहे.